आखूड धागा

कापड विणून होतं आणि विणायला सूत लागतं, इथपर्यंत माझं ज्ञान होतं. त्याआधीचं काही ठाऊक नव्हतं. बोंडातला कापूस जरा ओढला की सुटून हातात येतो आणि त्याच कापसाचा शर्ट वर्षानुवर्षं टिकतो, तर या दोहोंच्या मध्ये नेमकं घडतं काय? घरातून दर वर्षी जुन्या कपड्यांची बोचकी बाहेर जातात, ती पाहून हा प्रश्न मला जास्तच टोचू लागला. जी वस्तू आपण इतक्या सहज टाकून देतो ती तयार करायला काय लागतं, हे एकदा हातांनी समजून घ्यावं, म्हणून खादी भांडारातून एक टकळी आणली. वीतभर पोलादी काडी, खालच्या बाजूला पितळेची गोल चकती आणि वरच्या टोकाला बारीक आकडी. घरात औषधाच्या दुकानातला कापूस होता, त्यावरच सुरुवात केली. टकळी फिरवली की कापूस सरळ सुटून यायचा, धागा धरायचाच नाही. चौकशी केल्यावर कळलं की त्या कापसातलं नैसर्गिक मेण मुद्दाम काढून टाकलेलं असतं, कारण त्यानं पाणी शोषावं हेच त्याचं काम. कातायला मेण असलेला, शेतातला कापूस लागतो.

शेतातला कापूस म्हटल्यावर आजोळची आठवण झाली. वर्ध्याजवळच्या खेड्यात आईच्या आत्या राहतात, आम्हीही त्यांना आत्याच म्हणतो. त्यांच्या लहानपणी शाळेत टकळीचा तास असायचा. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, मुलांचं शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती बांधावं असा विचार तिथं मांडला गेला आणि पुढं बऱ्याच शाळांमधून टकळी पोचली. आत्यांच्या हातात ती अजून आहे. मी टकळी घेऊन गेले, तर त्यांनी ती बाजूला ठेवून माझ्यापुढं कापसाच्या दोन टोपल्या ठेवल्या. एकीत मोठ्या, फुगीर बोंडांचा पांढराशुभ्र कापूस होता. दुसरीतला आखूड, जरा खरखरीत, सरकीला घट्ट चिकटलेला. पहिला बाजारात विकायचा अमेरिकन जातीचा, दुसरा घरच्या वातींसाठी आणि गाद्यांसाठी बांधावर राखलेला देशी. “आधी याच्यातली सरकी काढ,” म्हणाल्या, “सूत मंग पाहू.”

सरकी काढायला एक गुळगुळीत पाट आणि एक लोखंडी सळई. कापसाचा पुंजका पाटावर ठेवायचा आणि त्यावरून सळई दाबून पुढं लाटत न्यायची. कापूस सळईखालून मागं राहतो आणि सरकी टुपकन पुढं निसटते. हे काम मला लवकर जमलं आणि फार आवडलं. निघालेली सरकी गोठ्यात जाते, काहीच वाया जात नाही. नंतर आत्यांनी एकेका सरकीवरचे तंतू बोटांनी विंचरून पंख्यासारखे पसरून दाखवले. मी पट्टी लावून पाहिलं: देशीचे तंतू वीसएक मिलिमीटर, अमेरिकनचे अठ्ठावीसच्या वर. सरकीच्या सालीवरची एक पेशी लांब वाढत जाते आणि तिचाच एक तंतू होतो. बोंड उकललं की ती वाळते, चपटी होते आणि वाळताना स्वतःभोवती पिळली जाते. तंतूतंतूत हे जे वळसे पडतात, त्यांच्यामुळे शेजारचे तंतू एकमेकांना धरतात. म्हणजे पीळ घालायला माणूस येण्याआधीच कापसानं थोडा पीळ स्वतःच घालून ठेवलेला असतो. हे समजलं त्या दिवशी मी बाकी काही केलं नाही, नुसती सरकी काढत बसले.

त्यानंतर पिंजण. पूर्वी हे काम गावोगाव फिरणारे पिंजारी करायचे. धनुकलीची ताणलेली तात कापसात धरून तिच्यावर ठोका मारला की तिच्या थरथरीनं गोळे फुटतात, कचरा खाली झडतो आणि तंतू मोकळे होतात. आत्यांकडं हातभर लांबीची लहान धनुकली आहे. त्यांच्या ठोक्याला कापूस हवेत उडून अलगद खाली बसायचा. माझ्या ठोक्याला तो तातीभोवती गुंडाळला जायचा. ठोका मनगटातून आणि हलका द्यावा लागतो आणि तात कापसाच्या फक्त वरच्या थराला शिवली पाहिजे. हे कळायला मला वेळ लागला. पिंजलेल्या कापसाचा पातळ थर पाटावर पसरून, मध्ये काडी ठेवून, हलक्या हातानं वळायचा आणि काडी काढून घ्यायची. राहते ती पोकळ, बोटभर जाडीची सुरळी. हा पेळू. कताई सुरू होते ती इथून. माझ्या पेळूत मध्येमध्ये घट्ट गाठी राहिल्या होत्या. आत्यांनी तो उजेडासमोर धरला, गाठी दाखवल्या आणि म्हणाल्या, “जितक्या गाठी इथं, तितक्यांदा धागा तुटन तिथं.” पुढं तसंच झालं. सूत चांगलं निघणार की नाही हे पेळू वळतानाच ठरून जातं.

मग टकळी. चकतीखालचं टोक वाटीत टेकवायचं, उजव्या हाताच्या चिमटीनं काडीला गरका द्यायचा आणि डाव्या हातातला पेळू हळूहळू मागं न्यायचा. पीळ आकडीतून वर चढतो आणि पेळूच्या तोंडाशी सूत होत जातं. माझ्याकडून धागा कधी दोरीएवढा जाड यायचा, तर कधी केसाएवढा बारीक होऊन तुटायचा. तुटू नये म्हणून मी पेळू घट्ट दाबून धरत होते. “दाबू नको वं,” आत्या म्हणाल्या. “त्याले येऊ दे.” पेळू पकडायचाच नाही, नुसता बोटांत टेकवून ठेवायचा, हे हाताला पटवणं फार अवघड गेलं.

त्याच वेळी एक गोष्ट डोळ्यांनी दिसली आणि कताईचं अर्धं गूढ उकललं. धाग्यात एक जाड गुठळी आली होती. आत्यांनी ती तोडू दिली नाही. गुठळीच्या दोन्ही बाजूंनी धागा धरून त्यांनी तो सावकाश ताणला आणि गुठळी वितळल्यासारखी लांबत जाऊन बाकीच्या धाग्याएवढी झाली. पाणी उताराकडे धावतं तसा पीळ आधी बारीक जागेकडे धावतो. बारीक भागाला पीळ बसला की तो पक्का होतो आणि पुढं ताणला जात नाही. जाड भागात पीळ कमी असतो, तिथले तंतू अजून एकमेकांवरून सरकू शकतात, म्हणून ताण दिला की तोच भाग लांबतो. धागा असा आपला आपण सारखा होऊ पाहतो. कातणाऱ्यानं त्याला तेवढी सवड द्यायची. सगळा धागा माझ्या बोटांनीच एकसारखा करायला हवा, असं मी तोवर समजत होते.

टकळीवर हात बसू लागल्यावर आत्यांनी पेटी चरखा काढला. हा चरखा पुस्तकासारखा उघडतो. आत एक मोठं आणि एक लहान चाक, त्यांना जोडणारी माळ आणि टोकाला पोलादी चाती. मोठं चाक लहान चाकाला फिरवतं आणि लहान चाक चातीला. त्यामुळं हाताचा एक फेरा होतो तेवढ्यात चातीचे कितीतरी फेरे होतात. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना या घडणीवर बरंच काम झालं, म्हणून याला येरवडा चरखाही म्हणतात. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्याचे निरनिराळे प्रकार ओळीनं ठेवले आहेत. १९३८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाला मगनलाल गांधींचं नाव आहे. तिथं ते चरखे पाहिल्यावर कळतं की हे साधं दिसणारं यंत्र किती लोकांनी, किती बारकाईनं सुधारत आणलं आहे. १९२९ मध्ये चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे एक लाख!

चरख्यावर मला सगळ्यांत जास्त कोड्यात टाकलं ते चातीच्या टोकानं. धागा चातीवर गुंडाळला न जाता त्याला पीळ कसा बसतो? जवळून पाहिल्यावर दिसलं. धागा चातीशी तिरका धरला की चातीच्या प्रत्येक फेऱ्याला तो टोकावरून घसरून सुटतो आणि दर सुटण्याला एक पीळ आत जातो. हातभर धागा झाला की चाक किंचित उलटं फिरवून टोकावरचे वळसे सोडवायचे, धागा चातीशी काटकोनात आणायचा आणि चाक सुलटं फिरवून तो गुंडाळायचा. तिरका धरला की पीळ बसतो, काटकोनात आणला की गुंडाळला जातो. एका सुईएवढ्या टोकावर दोन्ही कामं होतात आणि फरक केवळ हाताच्या कोनाचा. उजव्या हाताचा वेग आणि डाव्या हाताचा वेग यांचा मेळ बसला की चातीवर सुताची कुकडी चढू लागते. मेळ बिघडला आणि पीळ जास्त झाला की धागा स्वतःभोवती वेटोळी घालतो. कमी पडला तर गुंडाळतानाच सुटतो. माझ्या पहिल्या कुकडीत दोन्ही प्रकार भरपूर होते आणि आत्यांनी ती तशीच जपून ठेवायला सांगितली, म्हणजे पुढच्या कुकड्या तिच्याशी ताडून पाहता येतील.

सूत मोजायची जुनी रीत त्यांनीच शिकवली. फाळक्यावर चार फुटांचा एक फेरा म्हणजे एक तार. अशा ६४० तारांची एक गुंडी. सुताचा नंबर ठरतो तो लांबी आणि वजनावरून: एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतील तितका नंबर. नंबर वाढत जातो तसं सूत बारीक होत जातं. माझी पहिली गुंडी पाऊणशे ग्रॅमच्या आसपास भरली, म्हणजे सूत सहा नंबरचं, सतरंजीला शोभेल असं. मग मी कागद घेऊन कुडत्याचा हिशेब मांडला. सेंटिमीटरमध्ये उभे पंधरा आणि आडवे पंधरा धागे धरले तर एका चौरस मीटरला तीन हजार मीटर सूत लागतं. कुडत्याला सव्वादोन चौरस मीटर कापड धरलं तर जवळपास पावणेसात हजार मीटर, म्हणजे नऊ गुंड्यांच्या आत-बाहेर. सराईत हात पेटी चरख्यावर तासाला तीनेकशे मीटर सूत काढतो, असं धरलं तरी एका कुडत्याची नुसती कताई बावीस-तेवीस तासांची. पिंजण वेगळी, विणकाम वेगळं, शिवण वेगळी. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसनं सभासदानं महिन्याला दोन हजार वार सूत द्यावं असा नियम केला होता, तो मी शाळेत असताना एका ओळीत वाचून पुढं गेले होते. त्या ओळीतलं काम किती होतं, हे आता उमगलं. बाजारात कुडता दोन-तीनशे रुपयांना मिळतो, तेव्हा त्या किमतीत कुठं तरी कुणाचे तरी तास पुरते मोजले गेलेले नसतात, असं मला मनापासून वाटतं.

कातलेलं सूत धुवायला बादलीत टाकलं, तर ते तरंगत राहिलं. हाताने दाबून बुडवलं तरी पुन्हा वर. हे तेच मेण, जे औषधाच्या कापसातून काढून टाकलेलं होतं. कातताना त्याची मदत होते, पण ते असेतोवर पाणीही आत शिरत नाही आणि रंगही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळलं तेव्हा पाणी चहाच्या रंगाचं झालं आणि सूत बुडालं. उकळण्याचा दुसरा फायदा असा की पीळ जागेवर बसतो आणि वेटोळी कमी होतात. रंगासाठी डाळिंबाच्या वाळक्या साली घेतल्या. लोकर रंग चटकन धरते, सुताला मात्र आधी तयार करावं लागतं: हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, मग तुरटीच्या पाण्यात, आणि त्यानंतरच रंगाच्या भांड्यात. निघाला तो मातकट, उबदार पिवळा रंग. उरलेल्या पाण्यात लोखंडाचे गंजके खिळे टाकून ठेवले आणि दुसरी लडी बुडवली, तर ती राखाडी हिरवी झाली. स्वयंपाकघरातल्या सालींतून आणि अडगळीतल्या खिळ्यांतून दोन रंग मिळाले.

पुण्याला परतल्यावर लोकरीचा अनुभव आला तो नणंदेकडं, फलटणच्या बाजूला. तिच्या शेतात खतासाठी धनगरांची मेंढरं बसवलेली होती. त्या कुटुंबातल्या आजी काळी लोकर कातत होत्या. मी शेजारी बसले आणि त्यांनी न मागता थोडी लोकर हातात दिली. कापसाची सवय झालेल्या बोटांना ती फारच सोपी वाटली. तंतू लांब आणि वर सूक्ष्म खवले, त्यामुळं ते एकमेकांना धरूनच राहतात, थोड्या पिळात धागा होतो. या दख्खनी मेंढ्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. त्याच लोकरीचं सूत सणगर विणतात, त्याला चिंचोक्यांची खळ देतात आणि घोंगडं तयार होतं, जे पावसाची रिपरिप अंगापर्यंत येऊ देत नाही. आजी म्हणाल्या, “आता कोण घेतंय बाई लोकर? कातरायची मजुरी बी निघंना. टाकून द्यावी लागती.” राठ लोकर गिरणीला चालत नाही आणि मऊ शालीची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला टोचते, म्हणून ती उकिरड्यावर जाते. माझ्या मांडीवर तिचा घट्ट, जिवंत धागा पडला होता.

तिथं मला आत्यांच्या दोन टोपल्या पुन्हा समजल्या. देशी कापूस वाईट म्हणून मागं पडला असं मी धरून चालले होते. तो मागं पडला तो यंत्राच्या मापामुळं. गिरणीतल्या चात्या भयंकर वेगानं फिरतात, धाग्यावर सतत ताण असतो, तिथं आखूड तंतू टिकाव धरत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, लँकशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा हिंदुस्थानचा कापूस तिकडं गेला. तो वारंवार तुटतो म्हणून तिथले कामगार वैतागले होते. गिरण्यांना लांब तंतू हवा म्हणून इथं अमेरिकन जाती रुजवण्याचे प्रयत्न त्याच्याही आधीपासून, १८४० च्या सुमारापासून सुरू होते. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला बहुतेक कापूस तरीही देशीच होता. पुढं संकरित वाण आले, २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली आणि आता देशी कापूस असा आत्यांसारख्यांच्या बांधावर शोधावा लागतो. त्याची मुळं खोल जातात, पावसाचा खंड तो सोसतो, रस शोषणाऱ्या किडींना पुरून उरतो आणि त्याचं बी पुढच्या वर्षासाठी घरात ठेवता येतं. कोरडवाहू वऱ्हाडात आणि मराठवाड्यात या गोष्टींचं मोल काय, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

त्याच्या उण्या बाजूही आत्यांच्या मुलानं मला स्पष्ट सांगितल्या. बोंड लहान, त्यामुळं वेचणीला मजूर जास्त. उमललं की कापूस लगेच गळून मातीत पडतो, म्हणून वेचणी पुन्हा पुन्हा करावी लागते. आणि भाव कमी, कारण तंतू आखूड. पहिल्या दोन गोष्टींवर कृषी संशोधक काम करत आहेत. परभणीच्या विद्यापीठानं लांब तंतूचे देशी वाणही काढले आहेत. तिसरी गोष्ट, भावाची, ही मात्र घेणाऱ्यावर अवलंबून आहे. चरख्याच्या वेगाला आणि माणसाच्या हाताला वीस मिलिमीटरचा तंतू पुरतो, हे मी माझ्या बोटांनी पाहिलं आहे. हातकताईचं जाडसर, घाम शोषणारं कापड मागणारे लोक वाढले, तर देशी कापसाला आणि काळ्या लोकरीलाही पुन्हा गिऱ्हाईक उभं राहील. शेतात काय पेरलं जावं यात कापड वापरणाऱ्याचाही हात असतो आणि तो हात आपण आजवर नकळत एकाच बाजूला टाकत आलो.

ज्यांना हे करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी एवढंच सांगते. टकळीपासून सुरुवात करा, ती स्वस्त आहे आणि पीळ म्हणजे काय ते तीच नीट दाखवते. तयार पेळू मिळाले तर घ्या, पण एकदा तरी सरकीसकट कापूस आणून सळईनं सरकी काढा. शक्य असेल तर कोणा शेतकऱ्याकडून देशी कापूस मागून घ्या आणि त्याला वाजवी दाम द्या. धागा तुटेल, तो सांधता येतो: तुटलेल्या टोकावर पेळूचं तोंड टेकवून चाक फिरवलं की पीळ दोघांना एकत्र घेतो. माझं सूत आता बारा नंबरच्या आसपास आलं आहे आणि गुंड्या साठवणं चालू आहे. पुरेशा झाल्या की वर्ध्याकडच्या एका विणकर काकांनी त्या सुताचा पंचा विणून द्यायचं कबूल केलं आहे. ताण्याला माझं सूत चालेल की नुसतं बाण्याला, हे मात्र ते सूत हातात घेऊन, ओढून बघून मगच सांगणार आहेत.